कोरडी फेरी

आमच्या इनचार्जबाई खाटेजवळ आल्या की आधी उजवा हात उलटा करायच्या. पोराचा ताप बघताना आई करते तसा. तो हात पेशंटच्या कमरेखाली हळूच सरकवायच्या, छताकडे बघत क्षणभर थांबायच्या आणि मग विचारायच्या, "कोरडं आहे ना?"

उत्तर हाताला मिळालेलं असायचंच. तरी विचारायच्या. पेशंट बेशुद्ध असला तरी विचारायच्या. मी तेव्हा नवी होते, आणि जन्मानं पुण्याची, त्यामुळे जीभ जरा जास्तच चालायची. एकदा म्हटलं, "बाई, हे आजोबा आल्यापासून एक शब्द बोललेले नाहीत. ते तुम्हाला काय सांगणार?"

"सांगणार नाहीत म्हणून तर विचारायचं," त्या म्हणाल्या. "त्यांना वाटू दे, कोणी तरी विचारून राहिलं."

त्यांचं नाव मी सांगत नाही. वॉर्डात त्यांना नावानं कुणी हाक मारलीच नाही. झाडूवाल्या मावशींपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या त्या इनचार्जबाई. मूळच्या भंडाऱ्याकडच्या, नागपुरात शिकलेल्या, लग्न होऊन पुण्यात आलेल्या. ड्युटीवर अगदी पुस्तकातलं मराठी बोलायच्या. पण राग आला किंवा जीव कळवळला की 'करून राहिले' आणि 'होऊन राहिलं' सुरू व्हायचं. त्यावरून आम्ही ओळखायचो, आज कुणाची तरी धडगत नाही.

येरवड्याच्या बाजूला एक जुनं धर्मादाय रुग्णालय होतं, तिथला पुरुषांचा वॉर्ड आमच्याकडे होता. अर्धांगाचे झटके आलेले, खुब्याचं हाड मोडलेले, थकून गेलेले म्हातारे. त्यातल्या निम्म्याअधिक जणांना लघवी-संडासचं भान नसायचं. असा माणूस ओल्यात पडून राहिला की त्याची कातडी आधी लाल होते, मग चकाकते, मग कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटून येते. पुढचं सांगत नाही, तुम्ही कदाचित जेवून बसला असाल. एवढंच सांगते की झटक्यातून वाचलेला माणूस पुष्कळदा या जखमेनं जातो. आणि तो गेला की घरचे म्हणतात, म्हातारपणच होतं हो, चालायचंच.

बाईंना ते 'चालायचंच' चालायचं नाही. डॉक्टरांचा राउंड सकाळी एकदा व्हायचा; आमची फेरी दिवसभर चालू असायची. तिला आम्ही 'कोरडी फेरी' म्हणायचो. उलटा हात घालायचा, ओल लागली की लगेच कूस वळवायची, कोमट पाण्यानं धुवायचं, मऊ कापडानं टिपायचं, झिंकचं मलम पातळ लावायचं, पुढच्या खाटेकडे जायचं. शेवटच्या खाटेपर्यंत पोचलं की पहिली पुन्हा ओली झालेली असायची. माझ्या कमरेचे टाके ढिले व्हायचे. वर बाईंचं सुरूच, "टिपा गं, टिपा! घासायला ते काय पितळेचं पातेलं आहे?"

आम्हाला शिकताना पाठीला स्पिरिट चोळून वर पावडर मारायला शिकवलं होतं. बाईंनी ते बंद केलं. स्पिरिटनं कातडी कोरडीठाक होऊन तडकते, आणि पावडर लघवीत कालवली गेली की तिचा गिलावा होतो. पण नातेवाइकांना पावडरीशिवाय चैन पडायची नाही. उशीखाली लपवून ठेवायचे वासाचे डबे. ते जप्त व्हायचे आणि होस्टेलवरच्या डॉक्टर मुलांच्या कॅरमवर पडायचे. त्या काळात त्या होस्टेलचा कॅरम अख्ख्या पुण्यात घसरगुंडी म्हणून गाजला असेल.

भेटायला येणाऱ्यांना त्या सांगायच्या, "सफरचंदं आणू नका. यांना चावत नाहीत, आणि आम्हाला खावी लागतात. घरातली जुनी धोतरं आणा, सुती लुगडी आणा. जेवढी विरलेली तेवढी बरी." लोक चकित व्हायचे, पण आणायचे. ती धोतरं उकळून, फाडून, घड्या घालून आम्ही अंगाखाली घालायचो. काही वर्षांनी ती यायची बंद झाली. लोक वाईट झाले म्हणून नव्हे. घरांत सुती धोतरं उरलीच नाहीत. मुलं हिंजवडीला आयटीत लागली, घराघरांतली कपाटं भरली, आणि सगळ्या शहरात अंगाला मऊ लागेल असं एक जुनं फडकं मिळेनासं झालं.

बाईंचा दुसरा ठरलेला प्रश्न नातेवाइकांसाठी असायचा. घरून आलेल्या पेशंटची पाठ खराब निघाली की त्या दाराकडे वळायच्या आणि म्हणायच्या, "कोण बघतं यांच्याकडे घरी? आणा जरा त्यांना माझ्यासमोर."

एकदा कोथरूडचे एक गृहस्थ आले. मागून सून. गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची पट्टी, खांद्यावर लॅपटॉपची बॅग, केस सकाळपासून विंचरायला वेळ न मिळालेले. गृहस्थांची मांडी आणि खालचा सगळा भाग सोलवटून निघाला होता. बाईंनी प्रश्न टाकला.

"आम्ही सगळेच बघतो," सून म्हणाली. "म्हणजे, बाई ठेवलीय दिवसाची. मी ऑफिसला असते ना मॅडम, बस सकाळी लवकर येते, आणि परत येईपर्यंत ट्रॅफिकमध्ये..."

"मी बसचं विचारलं नाही. कोण बघतं?"

सुनेनं लॅपटॉपची बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"सगळे बघतात म्हणजे कोणीच बघत नाही," बाई म्हणाल्या. "ऑफिस मलाही आहे. मी काय इथे हवा खायला येते? चादर उचलून आत बघायला काहून हात दुखून राहिले तुमचे?"

ती पोरगी तिथेच रडायला लागली. नंतर मी म्हटलं, "बाई, जास्त झालं. तिचीही ओढाताणच आहे हो."

"रडू दे. आज रडली तर उद्या उचलून बघेल," एवढंच म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

कडक होत्या. पण त्यांचं घर बघितलं असतंत तर तुम्हाला हसू आलं असतं. त्यांचे मिस्टर खडकीच्या कारखान्यात होते. रोज संध्याकाळी स्कूटर घेऊन गेटवर उभे. पावसाळ्यात रेनकोटातून ठिबकत उभे असायचे आणि आम्हाला बघून दोन्ही हात वर करायचे: "अहो, तुमच्या बाईंना सांगा, इथे एक ओला पेशंट वाट बघतोय. याची फेरी कधी?" बाई वरवर चिडायच्या, "चला, काहीतरीच," आणि पदराच्या टोकानं त्यांच्या चष्म्याच्या काचा टिपून द्यायच्या. मागे बसताना सीटवर आधी उलटा हात फिरवायच्या. सवयच ती! ते मागे वळून विचारायचे, "कोरडं आहे ना?" आणि आम्ही सगळ्या खिदळायचो.

मग रुग्णालय एका कंपनीनं चालवायला घेतलं. दाराला काच आली, काचेमागे गारवा आला, गारव्यात कुंड्या आणि कॉफीचं मशीन आलं. आमच्या वॉर्डाची 'विंग' झाली. मावश्यांची 'हाउसकीपिंग' झाली आणि त्या कंत्राटावर गेल्या. पूर्वी जिथे दोघी असायच्या तिथे एकच उरली, तीसुद्धा रोज वेगळी. आणि मोठ्यांचे डायपर आले. खोकीच्या खोकी.

टाय लावलेले एक मॅनेजर वॉर्डात समजवायला आले. गृहस्थ बोलायला गोड होते. "सिस्टर, आता हे सारखं सारखं बदलत बसायची गरजच नाही. प्रॉडक्ट उत्तम आहे. फुल डे प्रोटेक्शन."

"कुणाचं?" बाईंनी विचारलं. "चादरीचं का माणसाचं?"

मॅनेजर हसले. त्यांना तो विनोद वाटला. ते गेल्यावर बाईंनी आम्हा सगळ्यांना एका खाटेभोवती उभं केलं. एका आजोबांच्या कमरेखाली हात घालायला लावला. चादर खडखडीत कोरडी. मग डायपर उघडला. आत सगळं चिंब, आणि उबदार, आणि कातडी पांढरी पडून सुरकुतलेली. "चादर कोरडी म्हणजे माणूस कोरडा असं समजायचं नाही," त्या म्हणाल्या. "आता हात बाहेरून फिरवून भागायचं नाही. उघडून बघायचं. प्रत्येक वेळी." वाक्य इतकं स्वच्छ होतं की मला पाठ झालं. पुढे ते कुणाच्या तोंडावर मारलं जाणार आहे हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

त्यांचे मिस्टर निवृत्त होऊन वर्ष झालं नसेल. एका सकाळी दाढी करताना आरशासमोरच कोसळले. जगले. पण उजवं अंग गेलं, वाचा गेली आणि लघवीचा ताबा गेला. विश्रांतवाडीच्या पुढे त्यांनी नवा फ्लॅट घेतला होता, तिसऱ्या मजल्यावर. मी भेटायला गेले तेव्हा ते खिडकीजवळच्या पलंगावर होते. स्वच्छ, दाढी केलेली, अंगाखाली विरलेल्या लुगड्याच्या घड्या. मला बघून डावा हात वर केला. गेटवर करायचे तसा. एकच हात.

तेव्हा मुलगा घरात होता. हिंजवडीत नोकरी, सकाळी कंपनीच्या बसनं जायचा तो रात्रीच यायचा, पण यायचा, आणि आईबरोबर बापाची कूस वळवायचा. दिवसा बघायला एक बाई होती. चांगली होती, बाईंनी स्वतः शिकवून तयार केलेली. सगळं जमत होतं. मग मुलाला कंपनीनं अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. तो जाईना. माझ्यासमोर म्हणाला, "काकू, तुम्ही तरी सांगा आईला. मी नाही म्हणून कळवतो."

"खुळा आहेस का?" बाई म्हणाल्या. "जन्मभर यांनी काय म्हणून खपून शिकवलं तुला? जा तू. मी आहे ना बघायला."

मुलगा गेला. दिवसाच्या बाईला बाणेरकडच्या एका सोसायटीत काम मिळालं, तिनं पाया पडून निरोप घेतला. तिची तरी काय चूक! बाईंनी तिच्यासारखी दुसरी पुष्कळ शोधली. यायच्या, चार दिवस टिकायच्या. पुरुषाचं सगळं उघडून करायचं म्हटलं की नाक मुरडायच्या. शेजारच्या वहिनी दुपारी येऊन दोन घास भरवायच्या, पाण्याचा पेला ठेवायच्या. पण बाकीचं परक्या बाईनं परक्या पुरुषाचं कसं करायचं? त्याही लाजायच्या, आणि ते तर डोळेच मिटून घ्यायचे.

आता तुम्ही विचाराल, बाईंनी नोकरी सोडली का नाही? मीही विचारलं. नोकरी होती म्हणून नवऱ्याचे उपचार आमच्या रुग्णालयात फुकट होत होते. सोडली की तेही गेलं. आणि वॉर्डात माणसं इतकी कमी केलेली की आठवड्यातून दोनदातीनदा जोड-ड्युटी पडायची. सकाळी आलेली बाई रात्री घरी. रजा मागितली की मॅनेजर गोड आवाजात म्हणायचे, "सिस्टर, तुम्हीच नाही म्हणालात तर ज्युनियर्सनी कुणाकडे बघायचं?" मला असं काही बोलता आलं असतं ना, मी राजकारणात गेले असते.

त्या काळात बाई वॉर्डात पूर्वीपेक्षा कडक झाल्या. फेरी चुकली की अंगावर यायच्या. डायपर उघडून न बघता 'ठीक आहे' म्हणणाऱ्या एका सिस्टरला त्यांनी सगळ्यांसमोर झापलं. मी विचारायचे, "घरी कसं आहे?" त्या म्हणायच्या, "कोरडं आहे." झालं. विषय संपला.

अशाच एका सकाळी एक पेशंट स्ट्रेचरवरून वर आला. ताप, ग्लानी. मी आणि शीतल ड्युटीवर होतो. शीतल बीडकडची, लागून काही महिनेच झालेले, हुशार आणि बाईंची परमभक्त. बाईंसारखंच चालायची, बाईंसारखंच बोलायची. मी तोंडाकडे पाहिलं आणि स्ट्रेचरची कड धरली. बाईंचे मिस्टर होते. दाढी वाढलेली, गालाची हाडं वर आलेली. शीतलनं त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

आम्ही कूस वळवली. शीतलनं डायपर उघडला. परदेशी, जाड, अमेरिकेहून मुलानं पाठवलेल्या पाकिटातला. खालची चादर कोरडी होती. आत काय होतं ते मी लिहीत नाही. माणसाची पाठ तशी होऊ नये. हाडापर्यंत गेलं होतं.

मी शीतलला डोळ्यांनी खुणावत होते, पण ती पाठीकडेच बघत होती. तिचे डोळे भरून आले आणि ती दाराकडे न बघताच ओरडली. सूर बाईंचा, शब्द बाईंचे. "कोण बघतं यांच्याकडे घरी? आणा जरा त्यांना माझ्यासमोर!"

दारात बाई उभ्या होत्या. ड्युटीचा पांढरा युनिफॉर्म अंगावर, हातात खालून आणलेले कागद. सकाळी निघताना त्यांना मिस्टरांचं कपाळ चटका बसण्याइतकं तापलेलं लागलं होतं, तशाच घेऊन आल्या होत्या.

"मी," त्या म्हणाल्या.

शीतलला वाटलं, बाई केस हातात घेतायत. "नाही बाई, मी घरच्यांचं विचारतेय. घरी कोण..."

"घरचंच सांगून राहिले, बेटा. मी बघते. माझे मिस्टर आहेत."

शीतलच्या हातातला बोळा खाली पडला. बाई पुढे आल्या, बाह्या सारल्या, कोमट पाणी ओढून घेतलं. "टिपा," म्हणाल्या. "घासू नका." आवाज रोजचाच होता. मला तोच सोसवेना. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि हुंदके देऊन रडले.

दुपारी मी त्यांना जिन्याखाली चहा नेऊन दिला. त्यांनी कप नुसता हातात धरला.

"रोज हात घालायचे गं मी," त्या म्हणाल्या. "जोड-ड्युटीवरून गेलं की पाय उचलायचे नाहीत. हात घालायचा. चादर कोरडी लागायची. मग मी माझ्या मनाला म्हणायचे, कोरडं आहे. जरा पडते अन् मग उघडते. आणि तशीच झोप लागून जायची. सकाळी अर्धवट उजेडात, घाईत नवा चढवायचा अन् पळायचं." कप पायरीवर ठेवून म्हणाल्या, "मला माहीत होतं. तुम्हाला सगळ्यांना मीच शिकवलं. मला माहीत असून मी चादरीला हात लावून झोपले."

"बाई, तुम्ही एकट्या..."

"अन् हे पाणी पीत नव्हते. वहिनी पेला ठेवायच्या, तो भरलेलाच राहायचा. मला कमी करावं लागावं म्हणून. मला वाटायचं, तहान कमी झाली असेल. पाणी कमी तशी लघवी घट्ट, तिनंच जास्त जाळलं." चहावर साय धरली. "मी त्या कोथरूडच्या पोरीला रडवलं होतं. आठवते तुला?"

मला आठवत होती. मी नाही म्हटलं.

वॉर्डात गोष्ट लपत नाही. कँटीनमध्ये एक कारकून चमचा ढवळत म्हणाला, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." माझं डोकं फिरलं. म्हटलं, "हो का? मग दिव्यात तेल कुणी घालायचं होतं, तेही सांगा की. आणि चहा पिऊन झाला असेल तर उठा, जागा अडलीय." तो उठला. माझ्या बोलण्यानं काय साधलं? काहीच नाही. मॅनेजरांचा विभाग मात्र निर्धास्त होता. जखम घरून आलेली होती. रुग्णालयाच्या आकड्यात धरायची नव्हती.

आम्ही त्यांच्यासाठी काय केलं नाही! शीतल ड्युटी संपली तरी जायची नाही. मी माझ्या आईची शेवटची सुती नऊवारी फाडून आणली. दिवसभर फेरी. उघडा, धुवा, टिपा, मलम, कूस. मधे दोन दिवस जखमेच्या कडा गुलाबी दिसल्या तेव्हा शीतलनं पेढे आणायचं बोलून दाखवलं. मी तिला गप्प केलं. आणि तेच झालं. ताप पुन्हा चढला, जंतू रक्तात पसरले होते. मुलाचा फोन यायचा. बाई त्याला सगळं सांगत नव्हत्या. एकदा फोनमधून त्याचा आवाज मला ऐकू आला: "आई, ती पाकिटं पुरतायत ना? अजून पाठवू?" बाई म्हणाल्या, "पुष्कळ आहेत रे. नको पाठवू."

ते दुपारच्या वेळी गेले. बाई जवळच होत्या, डावा हात हातात धरून. डॉक्टरांनी सांगितल्यावर त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मी करते. पडदा लावा."

मी आत थांबले. त्यांनी कोमट पाणी मागितलं. आता कोमट काय आणि गार काय. पण शीतल धावत जाऊन घेऊन आली. त्यांनी तोंड, मान, छाती, पाठ सगळं धुतलं. जखमेभोवती बोट हळू फिरवलं, दुखेल म्हणून. टिपलं. मग मलमाची डबी मागितली. शीतलनं माझ्याकडे बघितलं. मी डबी दिली. त्यांनी पातळ, एकसारखं मलम लावलं, नऊवारीची शेवटची घडी खाली घातली, अंगावर पांढरी चादर ओढली. मग उजवा हात उलटा केला, कमरेखाली सरकवला आणि छताकडे बघत उभ्या राहिल्या.

"कोरडं आहे ना?" त्यांनी विचारलं.

बाहेर त्यांच्या वस्तीतली माणसं अंत्यविधीची पांढरी वस्त्रं घेऊन येऊन थांबली होती. त्यांना बराच वेळ थांबावं लागलं, कारण बाई हात काढेनात.

पंधरवड्यानं त्या कामावर आल्या. फेरी करायच्या, हात तसाच सरकायचा, पण तोंडातून शब्द यायचा नाही. पेशंटला विचारणं थांबलं आणि नातेवाइकांना झापणंही थांबलं. एकदा वडगाव शेरीच्या एका म्हाताऱ्याला त्याच्या मुलीनं आणलं. पाठ वाईट होती. शीतल आणि मी बाईंकडे बघत राहिलो. बाईंनी त्या मुलीला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "तू जेवलीस का?" ती मुलगी ओक्साबोक्शी रडायला लागली. बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मला बाईंचा जुना आरडाओरडा हवासा वाटला. तेव्हा निदान वाटायचं, ओरडलं तर काहीतरी सुधारेल. आता त्यांनाही तसं वाटत नव्हतं.

पुढे त्यांनी राजीनामा दिला. निरोपाला केक होता, मॅनेजरांचं गोड भाषण होतं. बाई केक न खाता गेल्या. फ्लॅट विकून भंडाऱ्याला भावाकडे गेल्या. सुरुवातीला फोन व्हायचा. मग नंबर लागेनासा झाला. शीतल आखाती देशात गेली. मी निवृत्त झाले.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीतले एक नाना तिथेच दाखल होते, म्हणून बघायला गेले. तोच मजला, नवी फरशी, भिंतीवर टीव्ही. नाना झोपले होते. सवयीनं माझा हात उलटा झाला आणि कमरेखाली गेला. चादर खडखडीत कोरडी होती. मी उघडून बघितलं.

माझा आवाज अजून बरा आहे. मी दाराकडे वळून म्हटलं, "कोण बघतं यांच्याकडे?"

बाजूला उभा असलेला पोऱ्यासारखा अटेंडंट म्हणाला, "माझी ड्युटी आत्ताच सुरू झालीय, मावशी." सिस्टर संगणकावरून नजर न काढता म्हणाली, "त्याची टीम वेगळी आहे, मॅडम." नानांचा मुलगा बाहेर फोनवर होता, त्यानं हातानंच खूण केली, एजन्सीला सांगितलंय म्हणून.

मी दारात तशीच उभी राहिले. एकदा, याच दारात, अंगावरचा पांढरा युनिफॉर्म सावरत एका बाईनं या प्रश्नाला उत्तर दिलं होतं. मी बराच वेळ वाट पाहिली. 'मी' असं कुणी म्हणालं नाही.